ओढ्यातल्या त्या गारगोट्या आणि दख्खनचा आदिमानव : जरा सविस्तर सांगते

तुमचे प्रश्न दोन आहेत. घोडनदीच्या खोऱ्यात तुमच्या शेताला लागून जो ओढा आहे त्यात पांढरट, तांबूस, अर्धपारदर्शक दगडाच्या बारीक पात्या सापडतात, त्या हत्यारं आहेत का, हा पहिला. आणि दुसरा असा की आपल्याकडे सगळा काळा फत्तर, भीमबेटकासारख्या चित्रांच्या गुहा नाहीत, मग इथे अश्मयुगातला माणूस राहिलाच कशाला? फोटो पाहिले. पाच तुकड्यांपैकी दोन नक्की माणसाच्या हातचे आहेत, दोन नाहीत, आणि एकाबद्दल शेवटी सांगते कारण त्यासाठी अजून एक फोटो लागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. मी गेली पस्तीसेक वर्षं गोदावरी-भीमेचे काठ पायी फिरत आले आहे, आणि हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी दगड समजून घ्या, बाकी सगळं त्यातून आपोआप उलगडतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचाच हा काळा फत्तर झाला, त्याला बेसॉल्ट किंवा ट्रॅप म्हणतात, आज त्यांनी व्यापलेला भाग पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. कुठल्याही घाटात रस्त्याचा कापलेला भाग बघा, पायऱ्या दिसतील. पण प्रत्येक पायरी आतून एकसारखी नसते. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर यायचा, त्यामुळे थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी भोकाभोकांचा राहिला आणि पोटातला भाग मात्र घट्ट, एकजीव. ही भोकं नंतर पाण्यातून आलेल्या सिलिकाने भरली, म्हणजे कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर, ज्याला आपण सरसकट गार किंवा गारगोटी म्हणतो. आता गंमत बघा, हा जो सच्छिद्र, लवकर झिजणारा थर आहे त्यातच पाणी मुरतं आणि खालच्या घट्ट दगडावर किंवा दोन थरांमधल्या लाल गेरूच्या पट्ट्यावर अडून बाजूने झऱ्यासारखं बाहेर पडतं. तुमच्या विहिरीला पाणी कुठल्या थरात लागलं ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा, तो काळ्या फत्तराबद्दल नाही, फुसक्या खडकाबद्दल सांगेल.

म्हणजे ज्या थरातून पाणी मिळतं त्याच थरातून धारदार हत्याराची गार मिळते, आणि त्याच्या खालच्या थरातून जड हत्याराचा टणक दगड. मी नवीन ठिकाणी गेले की टेकडी बघत नाही, आधी हे दोन थर एकमेकांना कुठे भेटतात ते बघते, आणि तिथून ओढा खाली कुठे उतरतो ते. दहातल्या सहा-सात वेळा तिथे काहीतरी हाताला लागतंच. माझ्यासाठी दख्खनच्या प्रागितिहासाची किल्ली हीच आहे, की पाणी आणि हत्याराचा दगड एकमेकांपासून किती लांब आहेत.

एकेकाळी अभ्यासकांमध्येच असं मत होतं की ट्रॅप खडक हत्याराला नालायक, म्हणून फार प्राचीन माणूस महाराष्ट्रात नव्हताच. तसं मुंगी-पैठणच्या गोदावरीच्या दगडगोट्यांत अकीकाची एक पाती १८६० च्या दशकातच मिळाली होती, पण एका पातीवरून कोण काय म्हणणार. चाळीसच्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी आदिम हत्यारं शोधली, मग प्रवरेकाठी नेवाशाला, आणि तो समज मोडला. पुढे साठच्या दशकाच्या शेवटी नेवाशाजवळ चिरकीला गुद्रुन कोर्विनस या जर्मन विदुषीने उत्खनन केलं तेव्हा हातकुऱ्हाडी (मुठीत धरायची, दांडा नसलेली दगडी हत्यारं) आणि फरशा (तशीच, पण रुंद सरळ धारेची) ढिगाने निघाल्या, त्यासुद्धा याच काळ्या दगडाच्या.

मग आधीच्यांना दिसल्या का नाहीत? कारण बेसॉल्ट झिजतो. गारेची पाती लाख वर्षांनी उचलली तरी धार बोटाला लागते, पण बेसॉल्टच्या हातकुऱ्हाडीवर राखाडी-पिवळट साल चढते, कडा बोथट होतात, छिलके काढल्याचे खड्डे पुसट होतात आणि ती आजूबाजूच्या गोट्यांसारखीच दिसायला लागते. नवीन विद्यार्थी तिच्यावर पाय देऊन पुढे जातात, हे मी कित्येकदा पाहिलंय. उचलून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरावी लागते तेव्हा कुठे दोन्ही बाजूंनी मध्याकडे येणाऱ्या त्या खाचा उमटून येतात, आणि एकदा का डोळ्याला ती सवय झाली की मग तुम्ही नदीकाठ कधीच पूर्वीसारखा बघू शकत नाही.

आणि हा माणूस कुठलाही काळा दगड उचलत नव्हता बरं का. बेसॉल्टमध्येही प्रत असते. लाव्हा भेगेत उभा घुसून तिथेच थिजला की भिंतीसारखा डाईक तयार होतो, त्याचा दगड बारीक कणांचा, घट्ट, भोकं नसलेला. चिरकीच्या हत्यारांसाठी असा दगड निवडून घेतलेला दिसतो. मी स्वतः हे करून बघितलंय. मूठभर गोटा हातोड्यासारखा घेऊन दुसऱ्या गोट्यावर आधी हलकं वाजवायचं, चांगला दगड टणकन घंटेसारखा वाजतो, आतून भेगाळलेला असेल तर बद्द आवाज येतो. पाथरवट आजही असंच वाजवून बघतात. वाजणाऱ्या दगडाच्या कडेला, जिथे कोन काटकोनापेक्षा कमी आहे अशा जागी, पूर्ण हात फिरवून घाव घातला की तळहाताएवढा छिलका सुटतो, आणि त्या मोठ्या छिलक्यालाच पुढे घडवून हातकुऱ्हाड किंवा फरशी करायची. बेसॉल्ट चिवट आहे, मनगटाला झिणझिण्या येतात. त्या माणसांच्या अंगात काय ताकद असेल याचा अंदाज मला पुस्तकांतून नाही, त्या झिणझिण्यांतून आला.

पाण्याचं सांगते. दख्खनच्या नद्या पावसाळी, मे महिन्यात पात्र कोरडं. पण जिथे नदी उघड्या कातळावरून वाहते तिथे डोह आणि रांजणखळगे असतात, कुकडी नदीवर निघोजला जाऊन बघा, दगडात रांजण कोरल्यासारखे खळगे आणि नदी आटली तरी त्यांत पाणी. माणूस तिथे जाणार आणि जनावरंही तिथेच येणार. याच कुकडीवर बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या संदर्भात प्राचीन हत्यारं सापडली. राखेच्या वयावरून बराच वाद झाला, काहींनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली मानली, काहींनी त्याहून कितीतरी जुनी. नेवासा भागात नदीच्या जुन्या गाळात मोठ्या रानबैलाचे जीवाश्म मिळाले आहेत, चुनखडीने गाळ सिमेंटसारखा धरून ठेवला म्हणून ते टिकले.

यानंतर हातातला दगड बदलतो, आणि तुमच्या ओढ्यातल्या पात्यांकडे आपण इथूनच येतो. नेवाशालाच जुन्या थराच्या वरच्या थरात जड हातकुऱ्हाडी कमी होऊन चर्ट, जॅस्पर, कॅल्सेडनी अशा गारांचे लहान छिलके यायला लागतात, तासण्या, टोचे वगैरे. गार बेसॉल्टसारखी चिवट नाही, ती काचेसारखी फुटते, त्यामुळे कमी ताकदीत जास्त धार. पण तिला एक मर्यादा आहे, ती भोकात तयार झालेली असल्यामुळे तिचा गोळा भोकाएवढाच, बहुतेक वेळा लिंबाएवढा नाहीतर फार तर मोसंबीएवढा. त्यातून हातभर पातं निघणारच नाही. मग उपाय काय, तर बोटाच्या पेराएवढ्या पात्या काढायच्या आणि लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने एकापुढे एक बसवायच्या, एक तुटली तर तेवढीच बदलायची. इथे मला एक सावध करावंसं वाटतं. अशी बारीक हत्यारं, म्हणजे सूक्ष्मास्त्रं, जगात सगळीकडे आहेत, जिथे चांगला मोठा दगड मुबलक आहे तिथेही आहेत, त्यामुळे दख्खनच्या गोळ्यांचा आकार लहान म्हणून सूक्ष्मास्त्रं आली असं कोणी सांगितलं तर मानू नका. एवढंच खरं की हे तंत्र आल्यावर दख्खनचा लहान दगड एकदम सोन्याच्या भावाचा झाला, आणि नदीपासून लांब, उघड्या माळावरही माणसं दिसायला लागतात, कारण खिशात मावेल एवढ्या गारेत आता महिनाभराचं काम भागत होतं.

या काळातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण पाटणे, चाळीसगाव तालुक्यात, अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन केलं. वरून डोंगराचा ओहोळ, खाली गारा, म्हणजे तीच जोडी. आणि तिथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर बारीक आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आणि कवचाचे मणीसुद्धा. शहामृग, खानदेशात! म्हणजे तेव्हा हा मुलूख उघड्या कोरड्या गवताळ माळाचा होता. ती नक्षी कोरायला गारेचंच टोक लागलं असणार, कवचावर जाळीदार पट्टा ओढायचा म्हणजे हात जराही हलून चालत नाही. मला त्या तुकड्यासमोर उभं राहिलं की अजून काटा येतो.

आता भीमबेटका. ते विंध्यातल्या वालुकाश्मात आहे, भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटर. वालुकाश्म वाऱ्यापाण्याने आतून पोखरला जातो, वर टणक छत राहतं आणि खाली ओसरीसारखी जागा, भिंत फिकट, रंग पितो आणि धरून ठेवतो. आपला ट्रॅप असा पोखरला जात नाही, तो ढासळतो, सुळके आणि ताशीव कडे करतो, त्याच्या नैसर्गिक कपारी उथळ आणि पावसाळ्यात पाझरणाऱ्या. आपल्याकडच्या प्रसिद्ध लेण्या लोखंडाच्या छिन्नीने माणसाने खोदलेल्या, हजारो वर्षांनंतरच्या. म्हणजे इथला माणूस चित्र काढत नव्हता असं नाही, त्याला भिंत नव्हती, आणि जी असेल तिच्यावर रंग टिकला नाही. सातपुड्यात मोर्शीच्या उत्तरेला, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत, जिथे ट्रॅप संपून वालुकाश्म वर येतो तिथे लगेच रंगीत चित्रांच्या कपारी सुरू होतात. खडक बदलला की कला दिसायला लागली.

आणि ज्याला भिंत नव्हती त्याने काय केलं हे बघायचं तर कोकणात उतरा. रत्नागिरी, राजापूर, लांजा, मग खाली सिंधुदुर्ग. तिथे वर जांभा, आणि जांभ्याचे सपाट उघडे सडे. जांभा ताजा खणला की मऊ असतो म्हणून तर चिरे कापता येतात, उन्हापावसात राहिला की वरचं कवच लोखंडासारखं होतं. अशा सड्यावर ठोकून ठोकून काढलेली ती कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ती शोधली, हे काम किती मोठं आहे ते मे महिन्यात सड्यावर दोन तास चालल्याशिवाय कळत नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. उक्षीला हत्ती, बारसूला माणसाची आकृती आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी, कुठे मासे, कुठे एकशिंगी गेंडा. कोकणात आज गेंडा नाही. ज्याने कोरला त्याने तो पाहिला असणार किंवा ज्यांनी पाहिला त्यांच्याकडून ऐकला असणार, कारण प्रमाण चुकलेलं नाही.

सड्याला लोक ओसाड म्हणतात. मी कशेळीच्या वाटेवर एका आजींना तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, "बाय, पावसात येऊन बघ, मगे ओसाड म्हण." आणि खरंय, जूननंतर त्या कातळावर गवत, फुलं, खळग्यांत साचलेली तळी, चरायला येणारी जनावरं, आणि चारी बाजूंना नजर पोचते. शिकाऱ्याला अजून काय पाहिजे? हत्याराचा दगड मात्र सड्यावर नाही, जांभ्याला धारदार छिलका पडत नाही, तो भुसभुशीत तुटतो, म्हणजे कोरायला लागणारी कठीण गार किंवा दुसरा दगड खालच्या ओहोळातून वर आणायला लागला. जो हत्याराला नालायक तोच कॅनव्हास झाला. वर मातीचा थर नसल्यामुळे या चित्रांचं वय काढणं अवघड आहे, म्हणून कोणी छातीठोक आकडा सांगितला तर त्याला पुरावा विचारा. २०२२ मध्ये यातली नऊ ठिकाणं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यातलं एक गोव्यातलं, कुशावती नदीकाठचं फणसायमळ म्हणजे उसगाळीमळ, तिथे बैल, हरणं, मोर आणि गोल चक्रव्यूहासारखी आकृती आहे. नदीला पूर आला की ते पाण्याखाली जातं आणि पाणी ओसरलं की गाळातून परत वर येतं.

परत तुमच्या घोडनदीकडे. तुमच्या गावापासून लांब नाही असं इनामगाव, तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात म. के. ढवळीकर, सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली खणलं, सव्वाशेच्या वर घरं निघाली, ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती. सह्याद्रीच्या कड्यावर हजारो मिलिमीटर पाऊस आणि तुमच्याकडे जेमतेम ४००-५००, तरी ही माणसं मावळातल्या दाट जंगलात न जाता पर्जन्यछायेत राहिली, कारण लोखंडाशिवाय ते जंगल तोडणार कसं. मुख्य पीक जव. नदीचं पाणी वळवण्यासाठी बांध आणि पाट. घरं मात्र मातीची आणि कुडाची, पायाखाली आणि चहूबाजूंना दगड असूनही! दगड फोडून चिरा काढायला लोखंड पाहिजे, ते नव्हतं, तेव्हा दगड फक्त पाटा, वरवंटा, गोफणगुंडा एवढाच घरात आला. आणि गारेच्या पात्या. तांबं दुर्मिळ, म्हणून घरोघरी कॅल्सेडनीच्या लांबट समांतर पात्या, ज्या गोळ्यातून पात्या काढायच्या त्या गाभ्यावर आधी एक कंगोरा तयार करून त्याच्या धारेने पहिली पाती उचलायची आणि मग तिच्या मागोमाग बाकीच्या, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या. धातू माहीत असलेल्या माणसाने रोजच्या कापाकापीला दगडच वापरला, कारण तो ओढ्यात फुकट होता.

आपली गावाकडची भाषा किती नेमकी आहे बघा, शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. काळी म्हणजे झिजलेल्या ट्रॅपची माती, आणि पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिसळून फिकट झालेली. तुमच्या गावात पांढरीचं टेकाड असेल तर तिथे पावसानंतर चक्कर मारा. लाल खापर, वर काळ्या रंगाच्या रेघा, आणि नखाने टिचकी मारली की धातूसारखं खणखणतं, तर ते जोर्वे पद्धतीचं, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेलं.

विदर्भाचं थोडक्यात सांगते, नाहीतर फार लांबेल. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथे लोखंड वापरणाऱ्या लोकांची शिळावर्तुळं आहेत. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल धोंडे मोकळे होतात, ते न घडवता तसेच गोल मांडून आत मृतांना पुरलेलं. नागपूरला ट्रॅप संपतो आणि पूर्वेला जुना ग्रॅनाइटी खडक लागतो, म्हणजे दोन भूगर्भांच्या सीमेवर ही माणसं होती, पश्चिमेकडून धोंडे, मण्यांसाठी अकीक, आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली.

एक दुखरी गोष्ट सांगते, कारण तुमच्या ओढ्यावरही ती येऊ शकते. नव्वदच्या दशकात मला एका नदीवळणावर दगडगोट्यांच्या जुन्या थरात हातकुऱ्हाडी जागच्या जागी दिसल्या होत्या, कडा इतक्या ताज्या की त्या वाहत आलेल्या नव्हत्या, तिथेच घडवल्या होत्या. नकाशा केला, परवानगीचा अर्ज केला, पुढच्या हिवाळ्यात गेले तर वळणच नव्हतं. मुरूम आणि वाळूसाठी जेसीबीने काठ पंधरा फूट आत नेला होता. लाखो वर्षं चुनखडीने धरून ठेवलेला थर एका मोसमात कुठल्यातरी रस्त्याखाली गेला. मी त्या दिवशी काठावर बसून खूप रडले.

म्हणून कळकळीने सांगते, पात्या गोळा करून डब्यात भरू नका. डब्यातली पाती फक्त एक सुंदर दगड असते, जागेवरची पाती सांगते की शेजारी गाभा होता का, चूल होती का, पाणी किती लांब होतं. उचललेल्या आहेत त्या प्रत्येकीसाठी वेगळी पिशवी, त्यात चिठ्ठी, कुठल्या बांधाजवळ, ओढ्याच्या तळात की काठाच्या मातीत, किती खोल. फोटोत शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा. आणि डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र टाका, शेत जप्त होईल वगैरे ऐकून घाबरू नका, पृष्ठभागावर चार पात्या मिळाल्या म्हणून कोणी शेत नेत नाही.

आता ते पाच तुकडे. पहिला आणि चौथा माणसाचे, दोघांच्याही पाठीवर आधी निघालेल्या पात्यांच्या समांतर खुणा आहेत आणि चौथ्याच्या एका टोकाला, जिथे घाव किंवा दाब बसला, तिथे शिंपल्यासारखा फुगवटा स्पष्ट दिसतो. दुसरा आणि पाचवा नांगराने किंवा बैलगाडीच्या चाकाने फुटलेली साधी गार, फुटीच्या दिशा चारीकडे आणि वरची खडबडीत साल तशीच. तिसऱ्याची एक कड सरळ आणि दुसरी किंचित चंद्रकोरीसारखी वाटतेय. त्या गोल कडेवर एकाच बाजूने, ओळीने, मिलिमीटरभराचे बारीक टवके असतील तर ती मुद्दाम बोथट केलेली पाठ आहे, दांड्यात बसवायची, आणि मग ते सूक्ष्मास्त्र. टवके वेडेवाकडे, दोन्ही बाजूंनी असतील तर ओढ्यात घासून झालेले. सकाळच्या तिरप्या उन्हात, काळ्या कापडावर ठेवून, त्या गोल कडेचाच जवळून फोटो घ्या, आणि तो ओढ्याच्या तळातून उचललाय की काठाच्या पिवळट मातीतून बाहेर डोकावत होता तेही कळवा.